चेरीच्या झाडावर अष्ट्याहत्तर साल

चार दिवसांत एकही साळुंकी चेरीवर उतरली नव्हती. झेबिनिसो शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून स्वतःच्या करामतीकडे डोळे भरून बघत होती. गेल्या साली याच साळुंक्यांनी अर्धं झाड साफ केलं होतं. फळ खायचं ते खायचं, वर बिया खालच्या तख्तावर टाकायच्या. यंदा मात्र फांदीफांदीला भुरी, चकचकीत फीत. वारा आला की ती शहारायची, उन्हात लखलखायची आणि बारीक सुरात गुणगुणायची. साळुंक्या मातीच्या भिंतीवर ओळीनं बसून लांबूनच शिव्याशाप देत होत्या.

तेवढ्यात घरातून सासऱ्यांचा आवाज आला.

“बोतिरच्या आई! अष्ट्याहत्तरचं रीळ कुठंय?”

शिडी हलली. खरं म्हणजे शिडी जागच्या जागीच होती.

झेबिनिसोनं वर बघितलं. फीत. खाली बघितलं. रिकामी चकती, जिच्यावर ती काल कोंबड्यांना दाणे घालत होती. चकतीवर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गप, ऑक्टोबर १९७८’. चार दिवस ती अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर होती आणि चार दिवस तिनं ती वाचली नव्हती.

तिचे सासरे सोतीबोल्दी हे सामूहिक शेताच्या क्लबात तीस वर्षं सिनेमाचं यंत्र चालवलेले गृहस्थ. त्यांच्या बैठकीच्या कोनाड्यात रिळांचा टेपरेकॉर्डर होता, चांगला दोन कलिंगडांच्या वजनाचा. त्याच्यावर कशिद्याचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीला टेकून लग्नाचा फोटो. घरात कॅसेट आल्या आणि गेल्या, चांदीसारख्या तबकड्या आल्या आणि गेल्या, आता तर तिच्या नवऱ्याची, बोतिरची, सगळी गाणी त्याच्या खिशातल्या फोनमध्ये मावत होती. टेपरेकॉर्डर मात्र घरातल्या थोरल्या माणसासारखा जागच्या जागी. बावीस वर्षं त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता, कारण आतला रबरी पट्टा तुटलेला.

आणि एकोणीस वर्षं सोतीबोल्दींचे मित्र एकच मागणं मागत होते, मामारसूलचं गाणं ऐकव.

हे मित्र म्हणजे शाळेपासूनचे. दर महिन्याला पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, खायचं, हसायचं, एकमेकांची उणीदुणी काढायची. मोहल्ल्यात याला ‘गप’ म्हणतात. आठ जणांनी सुरू केलेली गप आता चौघांवर आली होती. गेलेल्यांत एक मामारसूल, एकोणीस वर्षांमागं गेलेला. तो गायला लागला की पाटाचं पाणीसुद्धा हळू चालायचं, असं अजून कुवा गावच्या बाजारात सांगतात. त्याचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, सोतीबोल्दींच्या त्या एका रिळावर. दर वेळी मित्र म्हणत, “लाव ना,” आणि दर वेळी सोतीबोल्दी म्हणत, “पट्टा तुटलाय.”

पण गेल्या महिन्याच्या गपेत निशान बोलला. निशानचा उजवा कान गेला होता, आणि डावाही हिवाळ्याच्या आत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, “सोतीबोल्दी, कान आहेत तोवर ऐकव. नंतर मी आपला तुमच्या मिश्या हलताना बघत बसणार.” कुणी हसलं नाही. सोतीबोल्दींनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, पुढची गप माझ्याकडे, रविवारी, आणि मामारसूल गाईल.

आज शनिवार होता. सोतीबोल्दी पहाटेच मर्गिलानच्या जुन्या बाजारात जाऊन पट्टा घेऊन आले होते, आणि आता कापसाच्या बोळ्याला अत्तर लावून टेपरेकॉर्डरचं अंतरंग पुसत होते. नवरदेवाला तयार करावं तसं.

झेबिनिसो दारात येऊन उभी राहिली.

“दादाजान, रीळ माझ्याकडं आहे. म्हणजे... पुसायला घेतलंय. लई धूळ बसली होती.”

“शाब्बास पोरी!” सोतीबोल्दींचे डोळे भरूनच आले. “या घरात एकट्या तुलाच त्याची कदर. ओलं फडकं लावू नकोस हं. आणि उन्हात तर अजिबात ठेवू नकोस.”

“नाही ठेवत,” झेबिनिसो म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे पळाली.

तिथं सासूबाई हुर्रियत गाजरं चिरत बसल्या होत्या.

“ओयीजान, घात झाला! मी झाडाला बांधली ती फीत अष्ट्याहत्तरची होती!”

“असं?” हुर्रियतनी गाजरावरची नजर काढली नाही. “मग हरवलं म्हण.”

“हरवलं? अहो, मामारसूल-आमाकींचा आवाज आहे त्यावर! दादाजाननी शब्द दिलाय. आणि ओयीजान, मी साळुंक्यांचं विचारलं तेव्हा पेटीतून ते रीळ तुम्हीच काढून दिलं होतंत.”

“दिलं असेल. सगळी रिळं सारखीच दिसतात.”

“त्याच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.”

“माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता.”

“तुम्ही चष्मा लावतच नाही ओयीजान.”

“मग तेच तर म्हणतेय मी,” हुर्रियत म्हणाल्या आणि गाजराचे तुकडे जरा जास्तच बारीक व्हायला लागले.

झेबिनिसोला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत सासऱ्यांनी तिला एकदाही आवाज चढवला नव्हता. उलट तिनं केलेला खारट चहासुद्धा त्यांनी ‘तब्येतीला चांगला’ म्हणून प्यायला होता. उद्या तीन म्हाताऱ्या मित्रांसमोर त्या माणसानं बटण दाबायचं आणि रिकामी चकती गरगरायची, हे चित्र तिच्यानं बघवेना. आणि निशान-आमाकींचा, निशानकाकांचा, तो उरलेला एक कान! तिनं ओढणी कमरेला खोचली, आणि शिडी पुन्हा झाडाला लावली.

बांधताना तिनं फीत कात्रीनं बिनधास्त कापली होती. फांदीला एक, वेलीच्या मांडवाला दोन, असं करत नऊ तुकडे तिच्याच अंगणात होते. हळूहळू सोडवून, पानं झटकून, तिनं एकेक वेटोळं करून टोपलीत ठेवलं. साळुंक्यांनी भिंतीवरून हे सगळं बघितलं. शेवटची गाठ सुटली तशा त्या झाडावर आल्या आणि जेवायला बसल्या.

उरलेले चार तुकडे शेजारच्या मुकद्दस-ओपांकडे, म्हणजे मुकद्दसताईंकडे होते. तिनंच मोठ्या मनानं दिलेले.

“परत?” मुकद्दस-ओपांनी कमरेवर हात ठेवले. “माझे टोमॅटो बांधलेत मी त्यानं. दिलेली वस्तू परत मागायची ही कुठली नवी चाल काढलीस?”

“ओपा, तुमच्या पाया पडते. घरात काम आहे.”

“फितीचं घरात काय काम? खरं सांग, मग देते.”

झेबिनिसोनं खरं सांगितलं. मुकद्दस-ओपांनी गालावर हात मारून घेतला, “अगं बाई! मामारसूल माझ्या टोमॅटोला!” असं म्हणाल्या, आणि लगेच गाठी सोडायला लागल्या. “काळजी करू नको. माझ्या तोंडातून चकार शब्द निघायचा नाही.”

चहाची किटली उकळायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल, तोवर भिंतीपलीकडून तीन बायका डोकावल्या. एकीनं चिकटपट्टी आणली होती, एकीनं नखांना लावायचा लाल रंग, आणि तिसरीनं नुसता सल्ला. फितीचे जोड पट्टीनं लावायचे आणि वरून नखांच्या रंगाचा एक थेंब द्यायचा, म्हणजे सुटत नाहीत. तिच्या भावानं लष्करात असताना असंच केलं होतं म्हणे.

घरातली कात्री कुठं दिसेना. शेवटी ती हुर्रियतच्या झग्याच्या खिशात निघाली. “असू दे गं, मला लागते,” त्या म्हणाल्या. चिकटपट्टीचं नाव काढलं तर म्हणाल्या, “त्यापेक्षा गाय बघ, हंबरतेय.” झेबिनिसो तीन वेळा गोठ्यात जाऊन आली. गाय निवांत रवंथ करत होती. तिसऱ्यांदा परतताना तिनं टोपलीतले तुकडे मोजले तर बाराच भरले. सगळ्यांत लांब तुकडा नाहीसा झालेला. शोधता शोधता तो तंदूरच्या तोंडाशी, सरपणाच्या कापूसकाड्यांखाली सापडला.

“ओयीजान, हा इथं कसा आला?”

“वाऱ्यानं,” हुर्रियत म्हणाल्या.

त्या वेळी अंगणात पानही हलत नव्हतं.

आता राहिलं गुंडाळणं. चकती हातानं फिरवून मनगट मोडायची वेळ आली, तेव्हा झेबिनिसोची नजर खिम्याच्या यंत्रावर गेली. ओट्याला घट्ट बसवायचं लोखंडी यंत्र, बाजूला दांडा. तिनं चकती पुढच्या आट्यावर बसवली, कापडाचा बोळा खुपसून पक्की केली, आणि दांडा फिरवला. काय सुरेख फिरली! एका हातानं दांडा, दुसऱ्या हाताच्या बोटांतून फीत. जोड आला की थांबायचं, पट्टी, थेंब, फुंकर, पुन्हा दांडा. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, हे सांगणार कोण? झाडावरून जसे उतरले तसे तिनं ते जोडले. आधी चेरीचे, मग वेलीचे, मधेमधे टोमॅटोचे.

दहावा तुकडा चढत असताना दारातून आवाज आला, “काय चाललंय पोरी?”

झेबिनिसोनं झटकन यंत्रावर ओढणी टाकली. “खिमा करतेय, दादाजान.”

“खिमा? कशाला?”

“मान्तीला. खिमा भरून वाफवायच्या. उद्या तुमचे मित्र येणार ना.”

सोतीबोल्दींचा चेहरा उजळला. “मान्ती! आम्ही तर नुसता पुलाव करणार होतो. पण मांस कुठंय?”

“ते... आणायचंय.”

“मग आधीच दांडा का फिरवतेस?”

“बघत होते, नीट फिरतोय का.”

सोतीबोल्दींनी मान डोलावली. यंत्र आधी रिकामं चालवून बघावं हे त्यांना मनापासून पटलं. सायकल काढून ते तडक खाटकाकडे गेले, आणि तासाभरानं चार किलो मांस घेऊन परतले. येताना वाटेत तिन्ही मित्रांच्या दारात थांबून ‘उद्या पुलावानंतर मान्ती’ हेही सांगून आले होते.

“पुलावही आणि मान्तीही?” हुर्रियतनी मांसाची पिशवी वर उचलून धरली. “लग्न आहे का कुणाचं?”

“तुझ्या सुनेनं ठरवलंय,” सोतीबोल्दी कौतुकानं म्हणाले.

हुर्रियतनी सुनेकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, पण का कोण जाणे, थोडी भीतीही होती. झेबिनिसोला वाटलं, चार किलो मांसाची असेल.

रविवारी दुपारी चेरीच्या सावलीत तख्तावर गाद्या पडल्या. पुलावाची कढई सोतीबोल्दींनी स्वतः उतरवली, कारण गपेत चुलीपाशी बाईमाणसानं फिरकायचं नसतं. मान्तीचं खटलं मात्र आत होतं. तख्ताला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत पिठानं माखलेले हुर्रियतचे हात दिसत होते.

एरगाश आला तो छाती पुढे काढून. जिल्ह्याच्या सहकार खात्यात साहेब होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पाणी मागताना सभेला उद्देशून मागायचा. त्याच्यामागे निशान, डावा कान पुढे करून. त्याच्यामागे कंबर, जो बोलायचा कमी आणि जेवायचा नीट.

मध्यभागी टेपरेकॉर्डर. आज त्याच्यावर रुमाल नव्हता, फुलदाणी नव्हती. सोतीबोल्दींनी शोभेसाठी जुना मायक्रोफोनही तारेसकट जोडून मांडला होता, अगदी त्या दिवशी मांडला होता तसा. झेबिनिसोनं दोन्ही हातांनी रीळ आणून दिलं. जोडांवरचे लाल ठिपके तिला आता गोवर आल्यासारखे दिसत होते. सासऱ्यांच्या नजरेला ते दिसले नाहीत. त्यांची नजर आधीच निशानच्या डाव्या कानाकडे लागली होती.

“मामारसूलचं झालं की पुढं माझं भाषण आहे,” एरगाशनं बजावलं. “मैत्रीवर. अठरा मिनिटं. कुणी उठायचं नाही.”

“तेव्हाही कुणी उठलं नव्हतं,” कंबर म्हणाला. “दाराला तू टेकून बसला होतास.”

सोतीबोल्दींनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून बटण दाबलं. चकत्या फिरल्या. आधी खरखर, मग प्याल्यांची किणकिण, मग कुणी तरी खोकलं. “मी!” एरगाश म्हणाला. आणि मग, एकेचाळीस वर्षांच्या पलीकडून, दोन तारांच्या दुतारावर, मामारसूल गायला लागला.

कालव्याच्या काठी माझा घोडा थबकला,
तुझ्या दारी तुतीचा फांदा आडवा आला.

निशाननं डोळे मिटले. एरगाशनं टोपी काढून मांडीवर ठेवली. झेबिनिसो चहाची किटली हातात धरून तशीच उभी राहिली. लागला! मामारसूल लागला! चेरीवरून उतरला आणि लागला. तिनं मनातल्या मनात सगळ्या पीरांचे आभार मानले. तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज आला. पहिला जोड. आणि दुतार नाही, काही नाही, एका तरुण बाईचा कोवळा, जरासा घाबरलेला आवाज फितीतून उमटला.

तुतीचा गं फांदा माझ्या बापानं लाविला,
घोड्याला पाणी दाव, वाट तुझी तुला.

खिडकीतले पिठाचे हात थांबले.

“वा!” निशान ओरडला. “जोडीनं गायलाय! मला आठवतच नाही!”

“मलाही नाही,” एरगाश कपाळाला आठ्या घालून म्हणाला. टक्. पुन्हा मामारसूल.

डोंगराचा बर्फ मी उशाला ठेविला,
उन्हाळा आला तरी नाही तो ओघळला.

टक्.

तंदूर तापला माझा, रोटी आली फुगाया,
कुणाला गं वेळ इथं बर्फ तुझा बघाया.

आता चौघंही पुढे सरकले होते. सवाल असा की काळजाला हात घालावा, जवाब असा की हात झटकून टाकावा. कंबरनं घास ताटात परत ठेवला, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. झेबिनिसोच्या हातातली किटली मात्र हळूहळू वाकडी होत चालली होती. या बाईला तिनं जोडलं होतं खरं, पण ती आली कुठून?

मामारसूलचा आवाज उंच चढला.

एकदा वळून बघ, मग जाईन मी दूर,
सात नद्या ओलांडीन, सातींनाही पूर.

टक्. आणि तो कोवळा आवाज, या खेपेला हसू दाबत.

बघितलं रे बघितलं पडद्याच्या आडून,
हातातली चहादाणी तिथंच गेली पडून.

यानंतर नुसती खरखर. सोतीबोल्दींनी बटण दाबून चकत्या थांबवल्या.

“ही बाई कोण?” एरगाशनं विचारलं.

“कोण म्हणजे?” कंबर शांतपणे म्हणाला. “एकेचाळीस वर्षं ‘बूट बाहेर काढा’ म्हणणारा आवाज मी ओळखणार नाही होय? आपल्या वहिनी.”

सोतीबोल्दींचा चेहरा आधी पिठासारखा झाला, मग चेरीसारखा.

“बोतिरच्या आई,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “जरा बाहेर या.”

हुर्रियत दारात आल्या. हातावरचं पीठ तसंच.

“तो माझ्या घरी आला,” सोतीबोल्दी म्हणाले, “माझ्या ताटात जेवला, आणि तुम्ही त्याच्याबरोबर माझ्याच टेपवर... पडद्याच्या आडून? तुम्ही तर मला म्हणाला होतात तुम्हाला गाता येत नाही!”

“अरे, जाऊ दे,” निशान म्हणाला. “मामारसूल गेला बिचारा.”

“गेला म्हणूनच सुटला!”

एरगाशला हसू आवरत नव्हतं. “सोतीबोल्दी, तू पुरावा एकेचाळीस वर्षं पेटीत जपून ठेवलास, आणि आम्हाला जेवायला बोलावून ऐकवलास. असा नवरा हवा!”

हुर्रियत एकदा टेपरेकॉर्डरकडे बघत होत्या, एकदा नवऱ्याकडे. आणि तेव्हा झेबिनिसोच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसली. न लावलेला चष्मा, खिशातली कात्री, न हंबरणारी गाय, वारा नसताना तंदूरशी गेलेली फीत. ओयीजानना हे रीळ वाजायलाच नको होतं. आणि आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. परपुरुषाबरोबर गायले म्हणायचं, नाही तर जे खरं घडलं ते सांगायचं, आणि ते त्याहून अवघड असणार. खोटं आपणच मधे घातलंय. ते काढल्याशिवाय त्यांची सुटका नाही.

तिनं किटली खाली ठेवली.

“दादाजान, ते दोघं जोडीनं गायलेच नाहीत. मी जोडलं त्यांना.”

“तू? तू तर जन्मलीही नव्हतीस.”

“काल जोडलं. चिकटपट्टीनं. त्याआधी ते झाडावर होते.” आणि मग ती थांबलीच नाही. साळुंक्या, कात्री, तेरा तुकडे, मुकद्दस-ओपांचे टोमॅटो, खिम्याचं यंत्र, सगळं एका दमात. “हाताला येईल तसे जोडले. माझंच चुकलं. काय बोलायचं ते मला बोला.”

मग सोतीबोल्दी वाकले आणि चष्मा पुढे ओढून फितीवरचा लाल ठिपका बघायला लागले.

“नखांचा रंग?”

“हो.”

“तीस वर्षं मी सिनेमाच्या पट्ट्या डिंकानं जोडल्या. दर शनिवारी सुटायच्या,” ते म्हणाले. “हे मला कुणी सांगितलं नाही.” मग एकदम आठवण झाल्यासारखे ते ताठ बसले. “पण बाईचा आवाज फितीवर आला कुठून?”

आता हुर्रियत तख्ताच्या कडेला टेकल्या. पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून त्या बोलायला लागल्या.

“तुम्ही कालव्याच्या कामाला महिनाभर गेला होतात. एकोणऐंशीच्या वसंतात. सासूबाई माहेरी. घर रिकामं. मला वाटलं, आपला आवाज कसा आहे ते एकदा ऐकावं. नव्या सुनेनं मोठ्यानं हसायचीही चोरी होती तेव्हा, गायचं कुठलं? तुम्ही लाल बटण दाबायचा ते मी पडद्याआडून बघितलं होतं. दाबलं, आणि आईच्या गावची गाणी म्हटली. मला काय ठाऊक, ते लाल बटण आधीचं खातं म्हणून?” त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “मागं फिरवून ऐकलं तर मधेच मामारसूल नाही. मी आहे. तेव्हापासून मी या पेटीकडं पाठ करूनच केर काढते. पट्टा तुटला तेव्हा मी पीराला चादर चढवली होती.”

सोतीबोल्दींनी मान खाली घातली.

“मीही चढवली होती,” ते पुटपुटले.

“काय?” निशाननं कान पुढे केला.

“मीही चढवली होती म्हणतो!” सोतीबोल्दी मोठ्यानं म्हणाले. “त्या दिवशी मामारसूल गात होता आणि मी ऐकत बसलो. अर्धी मैफल उलटल्यावर बघतो तर लाल बटण दाबलेलंच नाही. मग दाबलं. तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं लावायचं ते? मी पुन्हा कधी ऐकलंसुद्धा नाही. पट्टा काय, मर्गिलानला पहिल्याच दुकानात मिळाला.”

एरगाशनं एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे बघितलं. मग तो असा हसत सुटला की टोपी मांडीवरून पुलावात पडली. निशान हसला. कंबर हसला. भिंतीपलीकडे मुकद्दस-ओपाही हसल्या, म्हणजे त्या तिथं होत्याच. आणि हुर्रियत आणि सोतीबोल्दी एकमेकांकडे चोरून बघत होते, एकाच झाडावरून जर्दाळू काढताना दोन बाजूंनी पकडलेल्या पोरांसारखे.

“खरं सांगू?” निशान म्हणाला. “मामारसूल नुसता गायचा तेव्हा मला रडू यायचं. त्याला इतक्या वर्षांत कुणी उलट जवाब दिला नव्हता. आज पहिल्यांदा तो ऐकताना मजा आली. वहिनी, पुढचं म्हणा ना. माझा एक कान आहे अजून.”

“चला, काही तरीच!” हुर्रियत उठल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “मला कुठलं आठवतंय आता. मान्ती चिकटतील तिकडं.”

त्या आत गेल्या. खिडकीत पुन्हा पिठाचे हात दिसायला लागले. लाटणं फिरलं. आणि लाटण्याच्या लयीवर, आधी नुसता श्वासासारखा, मग धाग्यासारखा, आवाज यायला लागला. कोवळा नव्हता आता. थोडा भरड, थोडा खोल, पण वळणं तीच.

“श्शू!” निशाननं बोट ओठावर ठेवलं.

एरगाशनं डोळे मिटून घेतले. “हे होऊ दे,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “मग माझं भाषण लावू.”

सोतीबोल्दी हलले नाहीत. ते खिडकीकडे बघत होते, पंचविशीच्या माणसानं बघावं तसे. फक्त त्यांचा हात सरकत सरकत टेपरेकॉर्डरपाशी गेला, त्यांनी मायक्रोफोनचं तोंड हळूच खिडकीकडे वळवलं, आणि लाल बटण दाबलं. या खेपेला अगदी वेळेवर.

चकत्या फिरायला लागल्या. झेबिनिसोनं बघितलं. रीळ एकच होतं. मामारसूल मागं सुखरूप गुंडाळला गेला होता. पुढं जे चाललं होतं ते एरगाश-आमाकींचं मैत्रीवरचं भाषण होतं, आणि गाण्याच्या एकेका ओळीबरोबर त्याचा एकेक परिच्छेद नाहीसा होत होता.

तिनं तोंड उघडलं. खिडकीतला आवाज नेमका तेव्हाच उंच चढला. एरगाशच्या मिटलेल्या डोळ्यांतून एक थेंब मिशीवर उतरला. झेबिनिसोनं तोंड मिटलं, किटली उचलली, आणि त्याचा प्याला काठोकाठ भरला.

“घ्या आमाकी, अजून एक. घाई नाही ना?”

“ओत पोरी, ओत,” एरगाश डोळे न उघडताच म्हणाला. “भाषण कुठं पळून जातंय!”